डबा शोधायला यंत्र कोणते घ्यावे?



जिओकॅशिंग या खेळाचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. एक जण एखाद्या ठिकाणी छोटा डबा लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतरांनी ते आकडे घेऊन डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. खेळ एवढाच. पण तो खेळायचा म्हटले की एक प्रश्न हटकून उभा राहतो. खिशातला स्मार्टफोन पुरेल, की मुद्दाम याच कामासाठी मिळणारे, हातात धरायचे जीपीएस यंत्र विकत घ्यावे? वेगळे यंत्र म्हणजे अधिक अचूक यंत्र, असे गृहीत धरून घरी हट्ट धरण्यापूर्वी थोडे भौतिकशास्त्र विचारात घ्या, असे मला सुचवायचे आहे.

हा खेळ जन्मला तोच मुळी अचूकतेमुळे. जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशात अमेरिकेचे सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रावरची जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शके. मे २०००च्या आरंभी ही चूक मिसळणे थांबले आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ती तीन दिवसांच्या आत सापडली. आज जगभर असे ३० लाखांहून अधिक डबे लपविलेले आहेत. सुरुवातीचे शोधक हातातले यंत्रच वापरीत, कारण तेव्हा सर्वसाधारण फोनमध्ये ही सोय नव्हती. आता परिस्थिती बदलली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'डोंगरात रेंज गेली की फोनचे जीपीएस बंद पडते,' असे अनेक जण सांगतात. हे खरे नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह आपली वेळ आणि स्थिती सतत सांगत असतात. फोन असो वा वेगळे यंत्र, दोन्ही ते नुसते ऐकतात. रेंजचा उपयोग फोनला मुख्यतः दोन गोष्टींसाठी होतो : नकाशा मिळविण्यासाठी आणि उपग्रहांच्या कक्षांची माहिती चटकन मिळविण्यासाठी. उपग्रह ही माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट या वेगाने पाठवितो. म्हणून रेंज नसताना ती थेट आकाशातून घ्यायला साधारण अर्धे मिनिट, कधी त्याहून जास्त लागते. तेव्हा नकाशा घरीच उतरवून घ्या आणि रानात गेल्यावर फोनला मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ द्या.

आता अचूकतेकडे वळू. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण ५ मीटर धरता येईल. समजा, तुम्ही वेगळे यंत्र घेतले आणि त्याची चूक ३ मीटर निघाली. मग फायदा किती झाला? येथे एक गोष्ट विसरली जाते. डबा लपविणाऱ्याने जागा मोजली, तेव्हा त्याच्याही यंत्रात चूक होतीच! ती ५ मीटर धरू. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन चुका एकत्र करताना त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. फोन वापरला तर २५ अधिक २५, म्हणजे ५० चे वर्गमूळ, सुमारे ७ मीटर. वेगळे यंत्र वापरले तर २५ अधिक ९, म्हणजे ३४ चे वर्गमूळ, सुमारे ५.८ मीटर. एवढा खर्च करून शोधाचे वर्तुळ जेमतेम सव्वा मीटरने आकसले! त्या वर्तुळात पोचल्यावर यंत्र खिशात घालून डोळेच वापरावे लागतात. म्हणून मोकळ्या जागी केवळ अचूकतेसाठी वेगळे यंत्र घेण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र अरुंद घळीत किंवा उंच कड्याच्या पायथ्याशी हिशेब बदलतो. उपग्रहाकडून येणाऱ्या तरंगातील विद्युत्क्षेत्र स्क्रूसारखे एका ठरावीक दिशेने फिरत पुढे सरकते. तरंग कड्यावर आपटून परतला की ही फिरकी बहुतांशी उलटते. हातातल्या चांगल्या यंत्राचा अँटेना मूळ फिरकीसाठीच बनविलेला असतो, त्यामुळे परावर्तित तरंग त्याला क्षीण ऐकू येतात. फोनमधला चिमुकला अँटेना असा भेद फारसा करीत नाही. लांबच्या वाटेने आलेला तरंगही तो खरा धरतो आणि जागा चुकते. पण येथेही डोळे मिटून निवड करू नका. २०१८ पासून दोन वारंवारता ऐकणारे फोन मिळू लागले आहेत. सरळ आणि परावर्तित तरंग वेगळे ओळखणे त्यांना सोपे जाते. एकच वारंवारता ऐकणारे जुने यंत्र अशा फोनपुढे मागेही पडू शकते.

मग वेगळ्या यंत्राचे खरे बळ कशात? ते पावसात भिजले तरी चालते, ओल्या बोटांनी त्याची बटणे दाबता येतात, आणि अनेक यंत्रांत सेल संपले की पिशवीतली नवी जोडी घालता येते. याहून महत्त्वाचे कारण निराळेच आहे. फोन हा तुमचा नकाशा, तुमची विजेरी आणि मदत मागण्याचे साधनही असतो. डबा शोधता शोधता त्याची बॅटरी संपली, तर तिन्ही एकदम जातात. आपल्याकडे हा खेळ फारसा रुजलेला नसला, तरी सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा मुद्दा तितकाच लागू आहे.

म्हणून माझा सल्ला असा : गावात, बागेत, माळरानावर फोन पुरे. पावसाळ्यात, दाट जंगलात किंवा दोन-तीन दिवसांच्या भटकंतीत प्रत्येकाकडे नव्हे, पण गटात एक वेगळे यंत्र असावे. ते शाळेने घेतले तर उत्तम. खरेदी करताना एक काळजी घ्या. काही यंत्रांत उपग्रहामार्फत संदेश पाठविण्याचीही सोय असते. अशी यंत्रे परवानगीशिवाय बाळगण्यास आपल्या देशात मनाई आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. 'फोन ५ मीटर म्हणतो' याचा अर्थ मुलांना शिकवा. अँड्रॉइड फोनमध्ये त्याचा अर्थ एवढाच, की खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. म्हणजे साधारण तीनांतून एकदा ती बाहेर असते! शाळेच्या ध्वजस्तंभाजवळ फोन ठेवून निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या वेळी २० वाचने घ्या आणि आलेखकागदावर ठिपके मांडा. अक्षांशातील एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर. महाराष्ट्रात रेखांशासाठी तो सुमारे १.७५ मीटर भरतो. मग हाच प्रयोग उंच भिंतीलगत करा. ठिपके अधिक विखुरलेले, कदाचित एका बाजूला सरकलेलेही दिसतील. ज्या विद्यार्थ्याने हा आलेख स्वतः काढला आहे, त्याला कोणते यंत्र घ्यावे हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.

शेवटी एवढेच सांगतो. पडद्यावर डबा ६० मीटरवर दिसतो, ते अंतर सरळ रेषेतले असते. मध्ये कडा आहे की दरी, हे बाणाला ठाऊक नसते. फोन घ्या किंवा वेगळे यंत्र घ्या, पण पाऊल टाकण्यापूर्वी मान वर करून समोर पाहा. ते काम कोणतेही यंत्र तुमच्यासाठी करणार नाही.