देयक नव्हे, दावा

कथेचा निवेदक कोण, तो विश्वासार्ह आहे का, तो काय सांगतो आणि काय दडवतो, हे प्रश्न मराठीच्या वर्गांत वर्षानुवर्षे विचारले जात आहेत. विद्यार्थी ते आत्मसात करतात आणि उत्तरपत्रिकेत बऱ्यापैकी उतरवतातही. मात्र त्यांच्या आणि त्यांच्या प्राध्यापकांच्या घरी दरमहा येणाऱ्या एका संहितेला ह्यांतला एकही प्रश्न विचारला जात नाही. ती संहिता म्हणजे इंटरनेट सेवेचे बिल. तळाचा आकडा पाहिला जातो आणि पैसे भरले जातात. हे वाचन नव्हे, ही शरणागती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही शरणागती बिलाची भाषाच घडवून आणते, आणि म्हणून हा विषय ग्राहक चळवळीइतकाच भाषेच्या अभ्यासकांचाही आहे.

आरंभ शब्दापासूनच करू. शासकीय मराठीने 'बिल' ह्याला 'देयक' असा प्रतिशब्द दिला. 'देय' म्हणजे जे दिले पाहिजे ते. म्हणजे कागद हाती पडण्यापूर्वीच वादाचा निकाल लागला! वास्तविक बिल ही एका पक्षाने दुसऱ्याकडे केलेली मागणी असते. तो एक दावा असतो, आणि दावा करणाराने तो सिद्ध करायचा असतो. 'देयक' हा शब्द दाव्याला वस्तुस्थितीचा पोशाख चढवतो.

आता एक प्रत्यक्ष नमुना पाहू. आमच्यापैकी एकाच्या घरी जोडणीचे मासिक भाडे 699 रुपये. त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर धरून 824 रुपये 82 पैसे होतात. एका महिन्यात हा आकडा 1,414 रुपये 82 पैसे झाला. मधे एक नवी ओळ आली होती : 'अ‍ॅड-ऑन सर्व्हिस चार्जेस', 500 रुपये, अधिक कर 90 रुपये. ही कोणती सेवा, ती कोणी आणि कधी मागितली, ह्याविषयी अक्षर नाही. ग्राहक सेवा केंद्राला तीनदा दूरध्वनी केला तेव्हा तीन उत्तरे मिळाली. 'सिस्टीमने लागले आहेत.' 'प्लॅनप्रमाणे बरोबर आहे.' 'तुमच्या नंबरवरून अ‍ॅक्टिव्हेट झाले आहे.'

ही तीन वाक्ये व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहिण्याजोगी आहेत. तिन्हींत क्रिया आहे, कर्ता माणूस मात्र एकातही नाही. पैसे कोणी लावले नाहीत, ते 'लागले'. जसा पाऊस लागतो, दृष्ट लागते. सेवा कोणी सुरू केली नाही, ती 'झाली'. अपवाद एकच : तिसऱ्या वाक्यात 'तुमच्या' हा शब्द येतो. सबंध व्यवहारात माणूस म्हणून उरतो तो फक्त ग्राहक, आणि तोही आरोपी म्हणून. त्याने ही सेवा मागितली नव्हती हे त्यानेच सिद्ध करायचे. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कोणी कुठून आणावा?

पुढे लेखी तक्रार केली. त्यात तीनच प्रश्न होते : सेवा कोणती, संमती कोणत्या दिवशी आणि कोणत्या मार्गाने घेतली, तिची नोंद कुठे आहे? मुदतीत उत्तर आले नाही, म्हणून अपील केले. अखेर 590 रुपये परत आले. सोबतच्या ओळीत लिहिले होते की ही रक्कम 'सदिच्छा म्हणून' वळती करण्यात येत आहे. घेतले तेव्हा तो नियम होता, परत दिले तेव्हा ती सदिच्छा झाली. तिन्ही प्रश्न अनुत्तरितच राहिले.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडत बसणार? परंतु रक्कम लहान असणे हा योगायोग नाही. वेळेचा हिशेब करून माणूस गप्प बसेल अशाच बेताने ती ठेवलेली असते. एका घरातले 590 रुपये क्षुल्लक. हजारो घरांतले नव्हेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये 'डार्क पॅटर्न्स'विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत. न विचारता खरेदीत वस्तू घुसडणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, प्रश्नच फसवा विचारणे हे त्यांतले काही. ही यादी वाचताना ती शैलीविज्ञानाच्या पुस्तकातली वाटावी. फसवणूक भाषेत आणि मांडणीत राहते हे कायद्याला उमगले आहे. साहित्याच्या अभ्यासकांना त्याचा पत्ता नसावा?

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे. हा बाजाराचा प्रश्न, त्याचा वाङ्मयाशी काय संबंध? हे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास आठवावा. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. त्यांनी खते आणि रोखे हिसकावून जाळले. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता त्याखाली अंगठा उठवावा लागतो, हीच आपली गुलामी, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पुढे 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने कुळाला पावती मागण्याचा आणि दरसाल लेखी हिशेब मागण्याचा हक्क दिला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कागदपत्रांच्या आधारे चालणाऱ्या लुबाडणुकीवरच कोरडे ओढले. तो ग्रंथ अभ्यासक्रमात नेमायचा आणि आजच्या रोख्याकडे पाठ फिरवायची, ही विसंगती आहे. 'मला अटी मान्य आहेत' ह्या चौकटीतली खूण हा आजचा अंगठाच नव्हे काय?

तिसरे मत आपल्याच गोटातले आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आता बिले मराठीत मिळाली की प्रश्न सुटेल, असे काहीजण मानतात. बिल मराठीत मिळावे ही मागणी आमचीही आहे. पण 'शुल्क आकारण्यात आले आहे' हेही मराठीच आहे, आणि कर्ता गिळण्याची कला त्या वाक्यालाही उत्तम साधली आहे. भाषा बदलून भागणार नाही. वाक्याचा कर्ता परत आणावा लागेल. कोणी आकारले, कशासाठी, कोणाच्या संमतीने, हे सांगणारे बिल हवे.

तोवर काय करावे? वाद नसलेली रक्कम वेळेवर भरावी आणि उरलेली का अमान्य आहे हे लेखी कळवावे. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. त्यावाचून तक्रार केली असे सिद्ध होत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांनी दोन पायऱ्या आखल्या आहेत : आधी कंपनीचे तक्रार केंद्र, नंतर कंपनीचेच अपील प्राधिकरण. तक्रार निवारणाची मुदत संपल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि त्याचा निर्णय 39 दिवसांत व्हावा असा नियम आहे. प्राधिकरण स्वतः व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही, हे मात्र ध्यानात असावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2009 मधल्या एका निकालामुळे दूरध्वनीच्या बिलांचे वाद ग्राहक मंचापुढे नेण्यात मोठी अडचण उभी राहिली होती. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक मंचापुढे चालू शकते असा निर्वाळा दिला.

आमची मागणी मात्र कंपन्यांपाशी संपत नाही. व्यावहारिक मराठीच्या पेपरात अजूनही 'पुस्तके उशिरा मिळाल्याबद्दल विक्रेत्यास पत्र' लिहून घेतले जाते. त्याजागी एक खरेखुरे बिल छापावे आणि प्रश्न विचारावा : ह्यातले दावे कोणते, पुरावे कोणते, आणि प्रत्येक वाक्यातला दडलेला कर्ता कोण? मग त्याच बिलाविरुद्धचे पत्र लिहून घ्यावे. 'तक्रार' ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणे असा आहे. पहिल्या उत्तराने गप्प न बसणे एवढाच ह्या विद्येचा पहिला धडा, आणि तो मराठी विभागांनी द्यायचा नाही तर कोणी द्यायचा?