बदलाचा खर्च कोणी सोसावयाचा?

इंग्लंडमधील केंब्रिज येथे आकारास आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. ३५ डॉलर किमतीच्या ह्या यंत्रामागे शाळकरी मुलांना प्रोग्रॅम लिहिण्याची गोडी लागावी, हा मूळ हेतू होता. त्याच्या कडेला २६ पिनांची दुहेरी रांग होती. २०१४ साली आलेल्या सुधारित यंत्रात ती ४० पिनांची झाली. ह्या पिनांना तारा जोडून प्रोग्रॅमने आज्ञा दिली, की दिवा लागतो, कळ दाबली गेल्याचे समजते, खोलीचे तापमान मोजता येते. आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हे यंत्र आता अपरिचित राहिलेले नाही.

आज्ञा आणि पिन ह्यांच्यामध्ये मात्र एक मध्यस्थ असतो. त्याला सॉफ्टवेअरच्या परिभाषेत ‘लायब्ररी’ म्हणतात. पिनेची स्थिती बदलावयाची तर संगणकाच्या स्मृतीतील ठरावीक पत्त्यावर ठरावीक अंक लिहावा लागतो. हे क्लिष्ट काम कोणीतरी एकदा करून ठेवावे आणि इतरांनी ‘दिवा लाव’ एवढेच म्हणावे, अशी ही सोय. तिची रचना कशी असावी, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांपुरता वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचाही आहे. कारण लायब्ररीतील आज्ञा हा तिचा कर्ता आणि तिचे सहस्रावधी उपयोगकर्ते ह्यांच्यातील एक करार असतो, आणि तो मोडल्याचा खर्च मोडणाऱ्याच्या माथी क्वचितच पडतो.

पिनांच्या क्रमांकांचेच उदाहरण घ्या. रांगेतील स्थानावरून पिनेला एक क्रमांक मिळतो. आतील चिपच्या रचनेनुसार दुसरा. २०१२ सालीच यंत्राची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा रांगेतील १३व्या पिनेचा चिपमधील क्रमांक २१ होता, तो २७ झाला. तार जागची हलली नव्हती. पण ‘२१’ लिहिणाऱ्याचा दिवा लागेनासा झाला. ‘वायरिंगपाय’ ह्या लायब्ररीच्या कर्त्याने आपली स्वतंत्र क्रमांकपद्धती ठेवली होती व तीत ह्या पिनेचा क्रमांक तोच राहिला. क्रमांकांची तिसरी पद्धत आल्याने गोंधळ थोडा वाढला हे खरे. तथापि बदलाचा भार कर्त्याने स्वतःवर घेतला होता, हे विसरता येणार नाही.

ह्याहून मोठी कसोटी २०२३ साली आली. ‘रास्पबेरी पाय ५’मध्ये पिनांचा कारभार मुख्य चिपकडून काढून एका निराळ्या चिपकडे सोपविण्यात आला. ‘आरपीआय डॉट जीपीआयओ’ ही लोकप्रिय लायब्ररी स्मृतीतील जुन्या पत्त्यांवर थेट लिहीत असे. नव्या यंत्रावर ती निरुपयोगी ठरली. २०१५ साली आलेल्या ‘जीपीआयओ झीरो’ची घडण वेगळी होती. तीत विद्यार्थी ‘हा दिवा आहे, तो लाव’ असे लिहितो; प्रत्यक्ष पिन हलविण्याचे काम खालचा एक बदलता येण्याजोगा थर करतो. तो थर बदलला आणि वरचे साधे प्रोग्रॅम बहुतांशी जसेच्या तसे चालू राहिले. तात्पर्य, जे यंत्राबरोबर बदलणार ते आत झाकावे आणि माणसाच्या हेतूला धरून असलेले तेवढे बाहेर ठेवावे.

ह्यावर जाणकार दोन आक्षेप घेतील. यंत्र झाकल्याने अज्ञान पोसले जाते व वेग घटतो, हा पहिला. सेकंदाच्या दशलक्षांशाचा हिशेब ठेवावयाचा असेल तर तो रास्तही आहे. अशांसाठी खालचे दार उघडे असावे. परंतु म्हणून सर्वांनाच त्या दारातून वाकून जावयास लावणे योग्य नव्हे. दुसरा आक्षेप असा, की करार अढळ मानला तर सुधारणाच खुंटेल. त्याला लिनक्सने उत्तर दिले आहे. फाइलींच्या द्वारे पिना हाताळण्याची तेथील जुनी पद्धत सदोष होती. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तरी पिन त्याच्याच नावे अडकून राहत असे. २०१६ साली नवी पद्धत आली व जुनी कालबाह्य ठरविली गेली, तरी त्यानंतरही अनेक वर्षे ती चालू ठेवण्यात आली. सुधारणेला विरोध नाही. मुदत देण्याचा आग्रह आहे.

अर्थशास्त्रात ह्याला बाह्य खर्च म्हणतात. लायब्ररीचा कर्ता एका दुपारी आज्ञेचे नाव बदलतो; त्यापायी असंख्य शिक्षकांना टिपणे, प्रात्यक्षिके, प्रश्नपत्रिका बदलाव्या लागतात. मात्र सर्व दोष कर्त्याच्या पदरी घालणेही अन्यायाचे होईल. अशा लायब्रऱ्या अनेकदा एकदोन माणसे आपल्या फुरसतीत, विनावेतन सांभाळतात. २०१९ साली ‘वायरिंगपाय’च्या कर्त्याने तिची देखभाल थांबवीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांना ह्या आधाराची किंमत प्रथमच कळली. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे आणि गाळ कोणीच उपसू नये, असे किती दिवस चालणार?

म्हणून कर्त्याने करार जपावा आणि उपयोगकर्त्या संस्थांनी त्याचा भार वाटून घ्यावा. दोष कळविणे, नव्या यंत्रावर चाचण्या घेणे, सोपी माहितीपत्रके लिहिणे, ही कामे महाविद्यालयांना अशक्य नाहीत. विद्यार्थ्याने ती केली तर प्रात्यक्षिकाच्या गुणांत त्यांची गणना व्हावयास हवी. आतील चिप कितीही वेळा बदलो. मुलाने आज लावलेला दिवा उद्याही त्याच आज्ञेने लागावा, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती अवाजवी नाही.