फाशी मागण्याआधी नाशिक आठवा

कुठे काही भयंकर घडलं की ‘चौकात लटकवा’चे स्टेटस सुरू. राग समजतो हो. पण आपल्याच राज्यातलं नाशिकचं प्रकरण किती जणांना आठवतं?

२००३ मध्ये तिथे दरोडा, बलात्कार आणि एकाच घरातले ५ खून झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतले ६ जण धरले. हायकोर्टाने त्यातल्या तिघांना जन्मठेप दिली होती, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी ठोठावली.

मार्च २०१९. तेच सुप्रीम कोर्ट म्हणालं, सहाही जण निर्दोष! हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही. फाशी झालेल्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. तुरुंगात १६ वर्षं गेली. भरपाई प्रत्येकी ५ लाख.

‘चूक झाली तर वरचं कोर्ट बघेल’ म्हणणाऱ्यांनो, २००९ ला सगळ्यात वरचंच कोर्ट होतं ना? फाशी रखडली म्हणून ही माणसं जिवंत राहिली. आणि त्याच रखडण्याला आपण शिव्या घालतो.

शिवाय सहा गरीब हाती लागल्यावर खऱ्या मारेकऱ्यांचा शोध तिथेच थांबला. मग त्या घराला कसला न्याय मिळाला, तेवढं सांगा.