मानसरोवरला उतर!

"कामोठ्याला येतोय, कुठल्या स्टेशनला उतरू?" शनिवारी ऑफिसातल्या मित्राचा फोन. म्हटलं, पनवेल लोकल पकड, मानसरोवरला उतर. पलीकडे शांतता... "कैलासवालं?"

हसू नका, प्रश्न बरोबर आहे. मानस म्हणजे मनातलं. ब्रह्मदेवाच्या मनातून निर्माण झालं ते मानस सरोवर, तिबेटात, साडेचार हजार मीटर उंचीवर. आमचं स्टेशन पनवेल खाडीजवळ. लाटा सोडा, इथे पावसाळ्यातलं डबकं हेच सरोवर!

आजूबाजूची स्टेशनं बघा. खारघर हे गावाचंच नाव. खांदेश्वर खांदा गावच्या महादेवावरून. म्हणजे पाटी वाचली की गाव कळतं. मधल्या मध्ये कामोठेच का गाळलं?

नाव छान आहे हो, मान्य. घर शोधताना 'मानसरोवर स्टेशनपासून पाच मिनिटं' वाचून मीही भुललो होतो. पण १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. आमच्या सोसायट्या भातशेतीवर उभ्या आहेत. १९८४ साली जासईच्या आंदोलनात याच जमिनीसाठी लोक गोळीबारात गेले. शेत गेलं, निदान पाटीवर तरी गावाचं नाव ठेवायचं! माझं मत विचाराल तर आजही बदलावं. पत्ता बदलायचा त्रास होईल, होऊ दे.

असो. मित्र डुलकी लागून खांदेश्वरला उतरला. रिक्षावाल्याला म्हणाला, "मानसरोवर."

"कामोठ्यात ना? बसा."