पाहुणा व्हावे कसे?

दिवाळी जवळ आली की घरोघरी याद्या होऊ लागतात. पूर्वी यादी एकच असे: फराळाची. आता तिच्या शेजारी दुसरी यादी आली आहे, प्रवासाची. सुट्टीत कोकणात किंवा फार तर काश्मीरला जाणारी आपली मंडळी आता सरळ पारपत्र काढून समुद्र ओलांडतात. नुकतेच डोंबिवलीच्या एका भगिनींचे पत्र आले. घरची पाच माणसे, त्यांत सत्तरीच्या सासूबाई, येत्या चैत्रात जपानला निघाली आहेत. “तिथल्या रीतिभाती जरा समजावून सांगा,” त्या लिहितात, “चारचौघांत आमचं हसं व्हायला नको.”

पत्र वाचून मला माझाच जपानचा प्रवास आठवला. मीसुद्धा जाताना हीच काळजी उराशी बाळगून गेलो होतो. वहीत पंचवीस नियम उतरवून घेतले होते. आणि तरीही जी चूक करायला नको होती, तीच करून आलो! तो प्रसंग पुढे सांगतोच. पण आधी भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर.

पहिली गोष्ट, भिऊन जाऊ नये. जपानी घराचा उंबरठा ओलांडताना मराठी माणसाला परके वाटण्याचे काही कारण नाही. दारातून आत शिरताच एक खालच्या पातळीची जागा असते, तिला गेन्कान म्हणतात. पादत्राणे तेथेच काढावयाची आणि मग वरच्या पायरीवर पाऊल ठेवावयाचे. आपल्या ओटीसारखाच हा प्रकार. फरक इतकाच, की काढलेल्या जोड्यांची टोके दाराकडे करून ती नीट जुळवून ठेवावयाची. आत सपाता मिळतात, पण ताताम्यांवर, म्हणजे त्यांच्या गवती चटयांवर, सपातासुद्धा चालत नाहीत. संडासासाठी वेगळ्या सपाता असतात. त्याच घालून पाहुणा दिवाणखान्यात आला की यजमान छताकडे पाहू लागतात! आणखी एक सूचना गृहिणींसाठी: घरातल्या मंडळींच्या मोज्यांना भोके नाहीत ना, हे निघण्यापूर्वी पाहून घ्या.

जेवणाचेही तसेच. आपल्याकडे ताटावर बसले की हात जोडण्याची चाल होती. तेथे आजही लहानथोर सगळे “इतादाकिमास” म्हणून घास घेतात, आणि उठताना “गोचिसोसामा देशिता” म्हणतात. आपल्या ‘अन्नदाता सुखी भव’चीच ही बहीण. शेवया भुरके मारून खाल्ल्या तर कोणी नाक मुरडत नाही. पण दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नयेत, आणि एकाच्या काडीतला घास दुसऱ्याने आपल्या काडीने घेऊ नये. भातात उभ्या काड्या मृताच्या नैवेद्यात असतात, आणि दहनानंतर अस्थी एकमेकांच्या काड्यांतून देतात. आपण निरांजनाची वात दक्षिणेकडे करीत नाही ना? तसेच हे. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

सासूबाई शाकाहारी असतील, तर मात्र तयारी हवी. तेथील पुष्कळशा पदार्थांत दाशी नावाचे पाणी असते, आणि ते बहुधा सुकवलेल्या माशाचे करतात. वर मासा दिसत नाही, म्हणून वाढणाऱ्यालाही तो आहे असे वाटत नाही. तेव्हा पानावर बसून “यात काय आहे, त्यात काय आहे” असा उलटतपास करण्यापेक्षा, आपण काय खात नाही हे जपानी भाषेत लिहून घेतलेला कागद जवळ ठेवावा आणि जागा राखतानाच कळवावे. ऐन वेळी पदार्थ बदलून मागणे तेथे यजमानाला संकटात टाकणे समजतात. बौद्ध देवळांतून मिळणारे शोजिन ऱ्योरी हे जेवण परंपरेने शाकाहारी असते, आणि ते फार सुरेख असते.

आगगाडीत मोबाइलची घंटी बंद ठेवावयाची आणि डब्यात फोनवर बोलावयाचे नाही. आपसातही हळू बोलावे. सरकत्या जिन्यावर तोक्योत लोक डावीकडे उभे राहतात, तर ओसाकात उजवीकडे. सायतामा प्रांताने तर २०२१ साली कायदाच केला, की जिन्यावर चालू नका, स्वस्थ उभे राहा. सोपी युक्ती म्हणजे पुढचा माणूस करील तसे करावे. हॉटेलात बक्षिशी ठेवू नये, वेटर ती परत द्यायला रस्त्यावर धावत येईल. दुकानात पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवावेत. गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करावी, कारण कुंड हे मळ काढण्यासाठी नसते. आणि हो, सर्दीच्या काही गोळ्या त्या देशात नेण्यास बंदी आहे. सासूबाईंच्या औषधांची चौकशी आधीच करा.

नकार मात्र ओळखायला शिकावे लागते. जपानी माणूस तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. तो मान किंचित तिरकी करतो, दातांतून श्वास आत ओढतो आणि म्हणतो, “चोत्तो...” म्हणजे “जरा...” एवढ्यावर वाक्य थांबते. आपण समजून घ्यावयाचे. आपल्याकडे मुलीच्या बापाला “बघू, कळवतो” असे उत्तर मिळाले की तो काय ते समजतो, तसेच!

इथवरचे सगळे माझ्या वहीत होते. जे वहीत नव्हते ते आता सांगतो.

माझा भाचा तोक्योच्या एदोगावा भागात राहतो, निशिकासाई स्टेशनाजवळ. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आपली माणसे या भागात येऊ लागली आणि पुढे तेथेच रमली. २०१९ साली एदोगावाच्या नगरसभेवर योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रातले गृहस्थ निवडूनही आले. तर मी आणि आमची मंडळी, असे दोघे भाच्याकडे पंधरा दिवसांसाठी गेलो. भाचा सकाळी कामावर जाई. घरात बसून खाणाऱ्या मामाला वाटले, काहीतरी हातभार लावावा. एका रात्री स्वयंपाकघरातला कचऱ्याचा पिशवा भरलेला दिसला. तो मी खाली नेला आणि इतर पिशव्या ठेवतात त्या कोपऱ्यात ठेवून आलो. केवढे समाधान वाटले!

तेथे कचऱ्याचे वार असतात. जळणारा एका वारी, न जळणारा दुसऱ्या वारी, बाटल्या आणि डबे तिसऱ्या वारी. तोही आदल्या रात्री ठेवावयाचा नाही, त्याच दिवशी सकाळी ठरल्या वेळेपर्यंत ठेवावयाचा, आणि वर जाळे पांघरावयाचे, कारण तोक्योचे कावळे आपल्या कावळ्यांहून दांडगे. माझ्या पिशव्यात भाजीची देठे, बाटल्या, चहाचा चोथा, सगळे एकत्र. वार चुकीचा, वेळ चुकीची, जाळे तर मी पाहिलेच नव्हते. पहाटे कावळ्यांनी आपला कार्यभाग उरकला.

सकाळी खिडकीतून पाहतो, तर तळमजल्यावर राहणाऱ्या आजीबाई, वय ऐंशीच्या घरातले, वाकून रस्ता झाडीत आहेत. चहाचा चोथा मी ओळखला. खाली धावत जावे असे वाटले, पण पाय उचलले नाहीत. आजीबाई कोणालाही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फलकावर एक कागद लागला. जपानीत काही मजकूर, कोपऱ्यात कावळ्याचे चित्र, कोणाचे नाव नाही. आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. त्या इमारतीत इंग्रजीची गरज असलेले बिऱ्हाड एकच होते.

संध्याकाळी भाच्याने तो कागद वाचला. माझ्याकडे पाहून तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, तुम्ही रविवारी विमानात बसाल. मला इथं राहायचंय. ह्या घरासाठी मी तीन महिने हिंडलोय. परदेशी माणूस म्हटलं की पुष्कळ मालक आधीच नको म्हणतात. कारण विचारलं तर सांगतात, भाषा येत नाही आणि कचऱ्याचे नियम पाळत नाहीत. मी राहायला आलो तेव्हा प्रत्येक दारी जाऊन टॉवेलची पुडी देऊन ओळख करून घेतली. दोन वर्षं एक वार चुकवला नाही.”

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरे झाले असते. माझे हसे होऊ नये म्हणून मी पंचवीस नियम पाठ केले होते. पण माझे हसे झालेच नाही. ज्याची नाचक्की झाली तो माझ्या बहिणीचा मुलगा होता.

आम्ही तिघे आजीबाईंच्या दारी गेलो. ‘सुमिमासेन’ हा रोजचा शब्द मला येत होता, पण भाचा म्हणाला, तो इथे अपुरा आहे, “मोशिवाके आरिमासेन” म्हणा. मी कमरेत वाकून ते म्हटले. तेवढ्यावर थांबावे की नाही? पण स्वभावाला औषध नाही. मी सुरू केले, “सांग त्यांना, आपल्याकडे घंटागाडी दारात येते, त्यामुळं माझ्या लक्षात...” भाच्याने त्याचे भाषांतर केलेच नाही. मागाहून म्हणाला, “चूक कबूल करताना इथं कारण सांगत नाहीत, मामा. कारण सांगितलं की माफी पुसली जाते.” आमच्या मंडळींनी मात्र एक अक्षरही न बोलता, मुंबईहून नेलेल्या चिवड्याचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला. आजीबाईंनी तो तसाच दोन्ही हातांनी घेतला आणि न उघडता बाजूला ठेवला. समोर उघडून पाहण्याची तेथे सहसा रीत नाही.

पुढच्या कचऱ्याच्या वारी आमची मंडळी सकाळी सातलाच खाली उतरली. गाडी येऊन गेली तेव्हा आजीबाई जाळे गोळा करीत होत्या. हिने दुसरे टोक धरले. आपल्याकडे दोघी बायका नऊवारीची घडी घालतात, तशी दोघींनी त्या जाळ्याची घडी घातली. हिला जपानी येत नाही, आजीबाईंना मराठी येत नाही. रविवारपर्यंत तीन वेळा असे झाले. पंधरा दिवसांत मी जे नियम वापरले, त्या सगळ्यांहून हे अधिक कामी आले, असे भाचा अजून म्हणतो.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझे सांगणे असे. २०२४ साली जपानला तीन कोटी अडुसष्ट लाखांहून अधिक परदेशी पाहुणे गेले. आपल्यातलेही दोन लाखांहून अधिक होते. एका पाहुण्याने केलेली चूक एवढीशी असते, पण कोट्यवधींची गोळाबेरीज झाली की तेथे राहणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. क्योतोच्या गिओन भागात गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे २०१९ साली खासगी गल्ल्यांत छायाचित्रे घेण्यास बंदी करावी लागली, आणि २०२४ साली काही गल्ल्या प्रवाशांना बंदच झाल्या. फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको नावाचे गाव आहे. एका दुकानामागे फुजी सुंदर दिसतो म्हणून लोक भर रस्त्यात उभे राहत, कचरा टाकीत, शेजारच्या दवाखान्याच्या आवारात शिरत. शेवटी मे २०२४ मध्ये गावाने तेथे अडीच मीटर उंचीचा काळा पडदा टांगला. तो काही महिन्यांनी काढला. पण स्वतःच्या पर्वताचे दर्शन पडद्याआड करण्याची पाळी गावावर आली, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जपानीत ‘मेइवाकू’ असा एक शब्द आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा उपद्रव, त्रास, अडचण, असा त्याचा अर्थ. मुलांना लहानपणापासून शिकवतात, की मेइवाकू होऊ देऊ नकोस. वर सांगितलेले बहुतेक नियम या एका शब्दात बसतात. तेव्हा यादी विसरलात तरी हरकत नाही. घराबाहेर पडताना स्वतःला एवढेच विचारावे: मी येथून गेल्यावर माझ्यामागे कोणाला काही झाडावे लागणार आहे का?

आणि सासूबाईंची काळजी करू नका. दारात चपला काढणे, देताना-घेताना दोन्ही हात पुढे करणे, शेजारणीचा डबा रिकामा परत न करणे, हे त्यांना कोणी शिकवायला नको. उलट तुम्हीच त्यांच्याकडे पाहून चाला.

डब्यावरून आठवले. आम्ही निघालो त्या रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. आजीबाई उभ्या होत्या. हातात आमचाच स्टीलचा डबा, फुरोशिकी म्हणतात त्या चौकोनी कापडात बांधलेला. आत तांदळाच्या खमंग सेंबेई, वरपर्यंत भरलेल्या. भाच्याच्या घराचा करार परवाच पुन्हा दोन वर्षांसाठी झाला. यंदा फराळाचा एक डबा आजीबाईंच्या नावे कधीच रवाना झाला आहे.

तुमच्या प्रवासाला आणि दिवाळीला मनापासून शुभेच्छा!