रोख्यामागचा व्यवहार

१८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पुढच्या मे महिन्यात सुप्यात कर्जरोखे जाळले गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात. दौंडचा परिसरही त्यातलाच. शेतकऱ्यांच्या कर्जांसाठी केलेल्या १८७९च्या कायद्याने मग न्यायाधीशाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायला लावले. बँकिंग-वित्त वकिलीचे मूळ मला इथे दिसते, मुंबईच्या काचेच्या इमारतींत नव्हे. आज कर्ज थकले की बँकेची नोटीस येते ती २००२च्या सरफेसी कायद्याची, साठ दिवसांच्या मुदतीची. शेतजमिनीचे तारण कलम ३१ने त्यातून वगळले आहे, हे किती कर्जदारांना ठाऊक असते? रांजणगावच्या कारखान्यांना सल्लागार मिळतातच. शिरूर-दौंडच्या तरुण वकिलांनो, कर्जदाराची आणि जामीनदाराची बाजूही अभ्यासा. काम भरपूर आहे.