हिशेबापलीकडचा टोमॅटो

जुलै 2023 मध्ये देशातील अनेक शहरांत टोमॅटोचा भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा घरच्या गच्चीवर चार रोपे लावण्याची कल्पना पुष्कळांना सुचली. परंतु बी पेरल्यापासून पहिले फळ पिकेपर्यंत सुमारे तीन महिने लागतात. तोवर सप्टेंबर उजाडला आणि भाव इतके कोसळले की नाशिक भागातील शेतकऱ्यांचा तोडणीचा खर्चही निघेना.

बचतीसाठी टोमॅटो लावणारा बहुधा असा निराश होतो. कुंड्या, माती, खत आणि बांबू यांचा जमाखर्च मांडल्यास पहिल्या हंगामात तरी शिल्लक उरत नाही. मग टोमॅटो लावूच नये काय? अवश्य लावावा, मात्र बाजार जे देऊ शकत नाही त्यासाठी लावावा. दूरच्या बाजारपेठेत जाणारे फळ टणक सालीचे असावे लागते आणि पुरते पिकण्याआधीच तोडावे लागते. पाव किलोहून वजनदार, मांसल, झाडावरच लाल झालेले फळ तो प्रवास सोसत नाही. ते घरच्या बागेचेच वैभव होय.

अशा फळासाठी प्रथम मोठ्या फळाचे वाण निवडावे. लहान फळाच्या वाणाला कितीही खत घातले तरी त्याचा मूळ स्वभाव पालटत नाही. उलट नत्र अधिक झाल्यास पानेच माजतात. दिवसाचे तापमान 35 अंशांपलीकडे गेले की फुले गळू लागतात. म्हणून महाराष्ट्रात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे लावून फळधारणा थंडीत साधावी. उत्तरेत जेथे दहिवर गोठते, तेथे कडाका ओसरण्याची वाट पाहावी. किमान वीस लिटरची कुंडी, सहा तासांचे ऊन आणि भक्कम आधार आवश्यक आहे. पाणी नियमित असावे. माती कोरडी पडू देऊन मग एकदम भरपूर पाणी घातल्यास फळे तडकतात. पाण्याच्या अनियमितपणामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही आणि त्यांचा तळ काळा पडतो.

खरी कसोटी पुढेच असते. पानांच्या बेचक्यांतून येणाऱ्या बगलफुटी वेळोवेळी काढाव्या लागतात आणि प्रत्येक घोसात दोन-तीनच फळे राखून उरलेली हिरवी असतानाच खुडावी लागतात. येथे अनेकांचा हात अडतो. सर्व फळे राखण्याचा मोह धरला की झाडाचे पोषण वाटले जाते आणि एकही फळ मनाजोगते वाढत नाही.

मोजकी फळे आणि तीन महिन्यांची निगराणी, एवढाच हा व्यवहार. तो ज्याने एकदा निभावला, त्याला कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या टोमॅटोच्या ढिगात केवळ स्वस्ताई दिसणार नाही. त्यामागे कोणाचे तरी तीन महिने वाया गेले आहेत, हे त्याच्या ध्यानी येईल. ग्राहकाला ही जाण देणारी बाग हिशेबात तोट्याची ठरली तरी लावण्याजोगी आहे.